जुन्या संगीतयंत्रणेचा नवा स्रोत

नागरवाड्यातील एखाद्या जुन्या मराठी घरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची संगीतयंत्रणा आजही दिवाणखान्यात मानाने उभी असते. ॲम्प्लिफायर ठणठणीत असतो, स्पीकरही साथ देत असतात. दगा देतो तो सीडी प्लेअर. त्याचा लेझर क्षीण होतो, तबकडी न वाचताच बाहेर येते आणि सुटे भाग मिळेनासे होतात. मग नव्या डिजिटल स्रोताचा शोध सुरू होतो. दुकानदार काही हजारांपासून काही लाखांपर्यंतची यंत्रे मांडतो. कोणावर ९६ किलोहर्ट्झ, कोणावर १९२, कोणावर ३८४ असे आकडे झळकत असतात. औषध लिहिण्यापूर्वी आपण जो पुरावा मागतो, तोच येथेही मागावा, असे मला वाटते.

सन १९८२ मध्ये जपानात विक्रीस आलेली सीडी ध्वनिलहरीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते व प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवते. नमुन्यांच्या निम्म्या संख्येपर्यंतची, म्हणजे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतची वारंवारिता त्यातून पुन्हा उभी करता येते. तरुण कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झ. साठीनंतर पुष्कळांना दहा-बारा हजारांपलीकडचे ऐकूच येत नाही. आपला नेहमीचा ऑडिओग्राम तर ८,००० हर्ट्झवर थांबतो. महागडे यंत्र घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडून स्वतःचा ऑडिओग्राम काढून घ्यावा, ही सूचना मी थट्टेने करीत नाही.

अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातील अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल असते. आपल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत रात्रीच्या निवांत वेळीही तीसेक डेसिबलची कुजबुज असतेच, आणि शेजारधर्म पाळायचा तर ऐंशीच्या वर कोणी जात नाही. उरले पन्नास. नव्या यंत्रातील २४ बिटांचा उपयोग ध्वनिमुद्रण करणाऱ्याला फार होतो, ऐकणाऱ्याला क्वचितच.

सन २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा अंध पद्धतीने केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. उच्च दर्जाचे मुद्रण आणि तेच सीडीच्या प्रमाणात उतरविलेले मुद्रण यांतला भेद श्रोत्यांनी ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर ओळखला. नाणे उडवूनही तेवढेच उत्तर आले असते. पुढे २०१६ मध्ये अठरा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक खरा आहे. पण एवढ्या फरकासाठी कोणते औषध आपण रुग्णाच्या माथी मारू?

मग दुकानात नवे यंत्र 'मोकळे' का वाटते? बहुधा ते किंचित मोठ्याने वाजत असते म्हणून. सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देतो, मोबाइलचा हेडफोनचा मार्ग बहुधा त्याहून बराच कमी. अर्ध्या डेसिबलची वाढ कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही, गोडवा म्हणून कळते. आवाज समान केल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना करूच नये.

व्यवहार सोपा आहे. जुना प्लेअर तबकडी वाचत असेल आणि त्याला डिजिटल मार्ग असेल, तर साधा, विश्वासू कन्व्हर्टर, ज्याला सर्वजण 'डॅक' म्हणतात, मध्ये जोडावा. वाचत नसेल तर संगणक किंवा छोटा स्ट्रीमर त्याच डॅकला जोडावा. संगणक जोडल्यावर गुंजन ऐकू आले तर ऑप्टिकल तारेने जोडून पाहावे. जमिनीच्या जोडणीतून येणारे गुंजन त्याने बहुधा थांबते. उरलेले पैसे स्पीकर शोकेसमधून बाहेर काढून स्टँडवर ठेवण्यात आणि उघड्या फरशीवर सतरंजी अंथरण्यात घालवावेत.

खरा फरक पडतो तो मूळ प्रतीने. आपल्या शहराचे दरबारी गायक उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्ये येथेच निवर्तले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास. त्यातली खरखर पुसण्याच्या हौसेने एखाद्या प्रतीत आवाजातला खर्जाचा दाणाही पुसलेला असतो, दुसऱ्या प्रतीत तो शाबूत असतो. हा फरक कोणताही डॅक भरून काढत नाही. तेव्हा एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन-तीन प्रती मिळवून ऐकाव्यात.

याहून निकडीचे काम कपाटात आहे. घरगुती बैठकींच्या, आजोबांच्या कीर्तनाच्या, लग्नातील मंगलाष्टकांच्या कॅसेट दोन हजार सालाच्या सुमारास अनेकांनी घरी लिहिता येणाऱ्या सीडीवर उतरवून घेतल्या आणि कॅसेट टाकून दिल्या. या सीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते. प्रकाशाने व उष्णतेने तो थर बिघडतो, आणि बडोद्याचा मे महिना काय असतो हे वाचकांना सांगायला नको. बाजारात विकत मिळालेली सीडी पुन्हा मिळू शकेल, ही मिळणार नाही.

तेव्हा डॅकच्या आधी एक साधा सीडी ड्राइव्ह घ्यावा. आधी घरच्या सीडी, मग बाजारच्या, अशा क्रमाने त्या फ्लॅक स्वरूपात उतरवाव्यात. त्यात ध्वनीचा कणही गळत नाही आणि जागा जवळपास निम्मी लागते. १२८ किलोबिटांची एमपी३ मूळ माहितीचा अकरावा हिस्साच ठेवते. पाचशे सीडी एक टेराबाइटच्या डिस्कवर सहज मावतात. फाइलच्या नावात गायक, राग, साल आणि तबल्यावर कोण होते ते लिहावे. हे सांगू शकणारे मावशी-काका असताना लिहावे. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीकडे किंवा भावाकडे द्यावी.