धूर दिसण्याआधी ओळखायची आग

कोहमारा परिसरात आग म्हटली की नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातला उन्हाळी वणवा आठवतो. त्याचा धूर लांबून दिसतो. याच पूर्व विदर्भात, नागपूर जिल्ह्यातील सावनेर भागात भूमिगत कोळसा खाणी आहेत. तिथे धुराची वाट पाहून चालत नाही. धूर दिसला, म्हणजे उशीर झाला.

कोळसा पेटायला ठिणगी लागतेच असे नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होताना तो थोडी थोडी उष्णता सोडत असतो. हवा खेळती असेल तर ती निघून जाते. कोळसा काढून झालेल्या भागात मात्र चुरा पडून राहतो. तिथे हवा झिरपते, पण खेळत नाही. उष्णता साचत जाते आणि काही महिन्यांत चुरा आपोआप पेटू शकतो.

या काळात कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोके दुखते, मग गरगरते, पाय लटपटतात आणि शुद्ध हरपते. जानेवारी १९९४ मध्ये पश्चिम बंगालमधील न्यू केंडा खाणीत आग लागली, तेव्हा ५५ कामगारांचा जीव गेला. खाणीच्या आगीत ज्वाळांपेक्षा हा वायूच अधिक घातक ठरतो.

मात्र आगीचा पहिला इशाराही तोच देतो. पूर्वी ब्रिटनच्या खाणींत त्यासाठी कॅनरी पक्षी नेत. आता बोगद्यांत बसवलेले सेन्सर वायूचे प्रमाण वर नियंत्रण कक्षाला सतत कळवू शकतात. हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग ही त्याची मर्यादा मानली जाते. तरी एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण पंख्याची हवा वाढली की आकडा उतरतो, आतली धग तशीच राहते. म्हणून ऑक्सिजन किती घटला आणि त्या तुलनेत कार्बन मोनॉक्साइड किती वाढला, याचे गुणोत्तर काढतात. याला ‘ग्रॅहम रेशो’ म्हणतात. ताज्या हवेने तो फारसा बदलत नाही. तो रोज चढत गेला, तर आत कुठेतरी कोळसा तापतो आहे, असे समजावे.

त्यानंतरचे काम माणसांचे. कामगारांना वेळीच बाहेर काढणे, तो भाग भिंत घालून बंद करणे आणि प्रत्येकाच्या कमरेला सेल्फ रेस्क्यूअर असणे. इशारा मिळूनही काम सुरूच राहिले, तर सेन्सर असून नसल्यासारखा.