दुखणे लिहिणारा डॉक्टर

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय होतंय? आपण सांगतो, गोळ्या घेऊन घरी येतो. पण हेच दुखणे आपल्या वस्तीत इतक्या घरांत का, असे कोणी विचारत नाही. हा प्रश्न जन्मभर विचारणारे एक डॉक्टर महाराष्ट्रात होऊन गेले : डॉ. अनिल अवचट.

जन्म १९४४, पुणे जिल्ह्यातील ओतूरचा. पुण्यात एमबीबीएस झाले. पण दवाखाना थाटून बसण्यापेक्षा त्यांनी लेखणी धरली. बिहारच्या दुष्काळी भागात जाऊन जे पाहिले त्यावर १९६९ साली ‘पूर्णिया’ हे पुस्तक लिहिले. पुढे हमाल, तंबाखू कामगार बाया यांच्यात जाऊन बसले. हा माणूस किती ओझे उचलतो, काय खातो, किती मजुरी मिळते, हे साध्या गोष्टीसारखे लिहिले. रोगाचे मूळ कामात, मजुरीत आणि घरात असते, हे त्यातून वाचकाला आपोआप कळे.

आपल्या चळवळीशीही त्यांचा धागा आहे. राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा गाजलेला लेख ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात आला. त्या अंकाचे संपादन अवचटांचे होते. दलितांवरील अत्याचारांवर त्यांनी ‘कोंडमारा’ लिहिले.

गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांवर त्यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. ते उभारले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, ही तिथली रीत. बरे झालेलेच पुढे इतरांना आधार देतात. १९९७ साली अनिताताई गेल्या, २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचट गेले. केंद्र सुरू आहे.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते मोडलेल्या भावाला हिणवण्यापेक्षा हात धरून उपचाराला नेणे, हीच करुणा.

आता आपल्या बुलढाण्याकडे पाहू. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा. खारे पाणी आणि किडनीचे आजार, ही इथली जुनी तक्रार. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. बातम्या आल्या, मग तपासणीची पथकेही आली. जे दुखणे कागदावर येत नाही, त्याची दखल घ्यायला कोणाला फुरसत नसते.

म्हणून आम्ही सुचवतो, प्रत्येक विहारात एक वही ठेवा. पाणी कुठून येते, कोणाला काय त्रास, कधीपासून, दवाखान्यात काय सांगितले, हे शिकलेल्या मुलामुलींनी आजी-आजोबांना विचारून लिहावे. आजारी माणसाचे नाव त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. वहीतल्या नोंदींवरून ग्रामपंचायतीला पाणी तपासणीचा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. पायाला सूज, लघवी कमी अशी लक्षणे असतील तर आशाताईंना सांगून रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. आपल्या दुखण्यालाही ती वाचा आपणच दिली पाहिजे.

जय भीम!