स्वच्छ हवेचा निधी : अनेक स्रोत, एक प्रकल्प

नवे घर बांधणारा कुटुंबप्रमुख सहसा एकाच ठिकाणाहून पैसा उभा करीत नाही. काही रक्कम भविष्य निर्वाह निधीतून येते, काही मुदत ठेव मोडून आणि उरलेली बँकेच्या गृहकर्जातून. यांपैकी प्रत्येक पैशाची स्वतंत्र मुदत असते आणि स्वतंत्र अट असते. जो या मुदती व अटी आधी नीट मांडून घेतो, त्याचे घर वेळेत पूर्ण होते. जो केवळ एकूण बेरीज पाहतो, त्याचे छत अर्धवट राहते. शहराची हवा शुद्ध करण्याचे प्रकल्पही याच रीतीने उभे राहतात. तेथे पैसा जनतेचा असतो आणि अटी शासनाच्या असतात, इतकाच फरक. प्रस्तुत लेखात ही निधीची गुंफण जबलपूर शहराच्या आणि त्यातील गढा परिसराच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी. मदनमहालाचा किल्ला आणि संग्रामसागर तलाव आजही त्या वैभवाची साक्ष देतात. आज मात्र या भागाची ओळख नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयामुळे अधिक आहे. मंडला, सिवनी, नरसिंहपूर अशा जिल्ह्यांतून येणारे रुग्ण व त्यांचे नातेवाईक येथे उतरतात. ज्यांच्याजवळ स्वतःचे वाहन नाही आणि रिक्षाचे भाडे परवडत नाही, अशांसाठी शहर बस ही चैन नव्हे, गरज आहे. त्याच रस्त्यावरील धूळ व धूर सर्वांत अधिक बाधतो, तोही श्वसनाचे विकार घेऊन आलेल्या याच मंडळींना. म्हणून येथे वाहतूक आणि हवा हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. शासकीय निधीच्या शीर्षांत मात्र ते वेगळेच आहेत.

पहिला स्रोत : वित्त आयोगाचे हवा-अनुदान

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण २०१७ च्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटविण्याचे मूळ उद्दिष्ट होते. ते पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आले. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी लागणारा पैसा पंधराव्या वित्त आयोगाने सुचविलेल्या अनुदानातून देण्याचे ठरले. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी हवेच्या कामांकरिता १२,१३९ कोटी रुपयांची शिफारस होती. मध्य प्रदेशातील भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर व जबलपूर ही चार शहरे या गटात आली.

हे अनुदान कामगिरीशी बांधलेले होते. पीएम-१० या धूलिकणांच्या वार्षिक सरासरीत १५ टक्के घट आणि चांगल्या हवेच्या दिवसांत वाढ, ही त्याची मोजपट्टी. पीएम-१० चा मोठा वाटा रस्त्यावरील धुळीचा असतो. त्यामुळे यांत्रिक झाडणी, रस्त्याच्या कडा पक्क्या करणे, पाणी फवारणे, हिरवे पट्टे तयार करणे अशा कामांकडे नगरपालिकांचा स्वाभाविक कल राहिला. पर्यावरण मंत्रालयाच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात जबलपूरने २०२४ मध्ये मोठ्या शहरांच्या गटात सुरतेनंतर दुसरा क्रमांक मिळविला आणि २०२५ मध्ये इंदूरनंतर पुन्हा दुसरा. ही निश्चितच अभिमानाची गोष्ट आहे. तथापि वाहनांच्या धुरातून निघणारे अधिक सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची संयुगे झाडूने निघत नाहीत. त्यांच्यासाठी वाहनच बदलावे लागते.

दुसरा स्रोत : ई-बसचे साहाय्य

वाहन बदलण्याचा पैसा दुसऱ्या मंत्रालयाकडून येतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी पीएम ई-बस सेवा योजनेस मंजुरी दिली. या योजनेचा अंदाजे खर्च ५७,६१३ कोटी रुपये असून त्यांतील २०,००० कोटी केंद्राचे आहेत. उद्दिष्ट १०,००० विद्युत बसगाड्यांचे आहे. मध्य प्रदेश शासनाने २०२४ मध्ये सहा शहरांसाठी ५५२ बसगाड्यांचा प्रस्ताव मान्य केला. त्या वेळच्या वाटणीत जबलपूरच्या वाट्यास १०० गाड्या आल्या.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. या योजनेत नगरपालिका बस विकत घेत नाही. बस चालक कंपनी घेते, त्यासाठी स्वतः कर्ज उभारते आणि प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर वसूल करते. तिकिटाचे उत्पन्न शहराच्या परिवहन संस्थेकडे जाते. केंद्र शासन नऊ मीटर लांबीच्या बससाठी प्रति किलोमीटर २२ रुपये आणि बारा मीटरच्या बससाठी २४ रुपये साहाय्य देते. डेपोच्या बांधकामाचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६० : ४० असा वाटला जातो, आवारातील विद्युत जोडणीचा भार केंद्र उचलते.

हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो

उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब पाहू. चालक कंपनीचा दर किलोमीटरला ६० रुपये आहे असे समजू. केंद्राचे २२ रुपये आणि तिकिटांचे २८ रुपये धरले, तर किलोमीटरमागे १० रुपये कमी पडतात. १०० बस रोज २०० किलोमीटर धावल्या, तर ही तूट दिवसाला २ लाख आणि वर्षाला ७ कोटी ३० लाख रुपये होते. ही रक्कम राज्याने किंवा नगरपालिकेने अंदाजपत्रकात दरवर्षी दाखविली पाहिजे. ती दाखविली नाही, तर नव्या कोऱ्या गाड्या डेपोत उभ्या राहतील आणि रुग्णाचा नातेवाईक पुन्हा रिक्षाच शोधील.

म्हणून निधी जोडताना तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, एकाच खर्चासाठी दोन योजनांतून पैसा घेता येत नाही. डेपोच्या शेडचा खर्च ई-बस योजनेत दाखविला असेल, तर तो हवा-अनुदानात पुन्हा येऊ नये. दुसरे, भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांची सरमिसळ नको. एकदाच मिळणाऱ्या अनुदानावर कायमचे पगार बांधणे हा ताळेबंदाचा दोष आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, मुदती जुळल्या पाहिजेत. वित्त आयोगाचे अनुदान ३१ मार्च २०२६ पर्यंतचेच होते, तर ई-बसचे किलोमीटरनिहाय साहाय्य दहा वर्षांचे आहे. पाच वर्षांच्या पैशावर दहा वर्षांचा करार उभा करणे म्हणजे अल्प मुदतीच्या ठेवीतून दीर्घ मुदतीचे कर्ज देणे होय. यातील जोखीम आपणा बँक कर्मचाऱ्यांना निराळी सांगावयास नको.

इतर देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत १९९१ पासून वाहतूक कोंडी व हवा यांसाठी संघराज्याचा निधी मिळतो. त्यात बहुधा ८० टक्के वाटा संघराज्याचा आणि २० टक्के स्थानिक संस्थेचा असतो. हे २० टक्के उभे करण्यातच छोट्या गावांची खरी कसोटी लागते.

बँकांचा संबंध कोठे येतो

प्रथमदर्शनी हा सारा शासकीय व्यवहार वाटेल. परंतु बस घेणाऱ्या कंपनीस कर्ज देणारी बँक विचारते, "परिवहन संस्थेने देयक थकविले तर हप्ता कोण भरणार?" या शंकेपोटी अनेक शहरांच्या निविदा महाग पडतात, कारण जोखमीची किंमत व्याजात आणि व्याज किलोमीटरच्या दरात मिसळते. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५ कोटी रुपयांची देयक-सुरक्षा योजना मंजूर केली. परिवहन संस्थेकडून देयक थकल्यास या निधीतून कंपनीस पैसे मिळतात आणि नंतर ते संबंधित संस्थेकडून किंवा राज्याकडून वसूल होतात. त्यासाठी राज्याच्या खात्यातून थेट वजावट करण्याचा अधिकार राज्य शासन रिझर्व्ह बँकेस आगाऊ देते. आपल्या परिचयाच्या भाषेत ही जामीनदारीच आहे. तिच्यामुळे व्याजाचा दर उतरला, तर वर दाखविलेली तूटही घटते.

दुसरा मार्ग नगरपालिकांच्या हरित रोख्यांचा. इंदूर महानगरपालिकेने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे, तर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले. रोखा हे अनुदान नव्हे, ते कर्ज आहे. ज्या नगरपालिकेचा मालमत्ता कर नियमित वसूल होतो, तिनेच त्या वाटेने जावे.

ग्राहकांनी काय पाहावे

शहरात नवी योजना जाहीर झाली, की आकडा ऐकून आपण समाधान मानतो. यापुढे तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा उभारणीचा आहे की चालविण्याचा? तो किती वर्षे मिळणार? त्यानंतरचा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात दाखविला आहे? हे प्रश्न आपल्या नगरसेवकास कोणताही करदाता विचारू शकतो. ज्या शहराकडे त्यांची लेखी उत्तरे असतील, तेथील बस दहाव्या वर्षीही वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात वेळेवर उभी असेल.