सिंकथिंगच्या उणिवा, आणि यादीत नसलेला ‘ऱ’
लेखमाला : आपल्या फायली, आपली यंत्रं (भाग ६)

गेल्या भागात सिंकथिंग फाइल कशी पोचवतं ते पाहिलं. फाइलचे १२८ केबीपासून १६ एमबीपर्यंतचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ ठसा काढायचा आणि ज्या तुकड्याचा ठसा जुळत नाही तेवढाच समोरच्या यंत्राकडून मागवायचा. फायली साठवून ठेवणारा सर्व्हर मध्ये कुठेच नाही. आज याच साधनात काय सुधारलं आणि काय अजून अडतं, ते पाहू. घरच्या कागदपत्रांसाठी एखादं साधन निवडताना मी त्याच्या उणिवा आधी वाचते. गुण कोणीही सांगतं. उणिवा उघडपणे लिहून ठेवणारे थोडे असतात, आणि त्यांच्यावरच माझा विश्वास बसतो.

बंगळूरूजवळच्या देवनहळ्ळीत विमानतळामुळे आणि एरोस्पेस पार्कमुळे आलेली मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. या घरांची कागदपत्रं दोन राज्यांत विभागलेली असतात. इथल्या जमिनीचा ‘पहाणी’ हा उतारा कन्नडमध्ये, गावाकडचा सातबारा मराठीत. एक लॅपटॉप इथे, एक सांगलीला वडिलांकडे, फोन प्रत्येकाच्या खिशात. सगळीकडे एकच फोल्डर हवा आणि तो कोणा कंपनीच्या साठ्यावर नको, म्हणून लोक सिंकथिंगकडे येतात.

याकोब बोर्ग या स्वीडिश प्रोग्रामरनं २०१३ च्या अखेरीस हे साधन लोकांपुढे ठेवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची दुसरी मोठी आवृत्ती आली, आणि आजवरच्या बदलांत हा सर्वांत खोलवर गेलेला आहे. कोणत्या यंत्रावर कोणती फाइल कोणत्या अवस्थेत आहे याच्या नोंदी आधी लेव्हलडीबी या डेटाबेसात असायच्या, त्या आता एसक्यूलाइटमध्ये गेल्या. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू केली की या नोंदी हलवल्या जातात. लाखो फायली असतील तर त्यात बराच वेळ जातो. तेवढा वेळ यंत्र चालू राहू द्या, अडकलं समजून मधेच बंद करू नका. दोन यंत्रांमध्ये आता एकाऐवजी तीन जोडण्या असतात. एक नोंदींसाठी, दोन प्रत्यक्ष मजकुरासाठी. त्यामुळे मोठा व्हिडिओ जात असताना छोट्या फायलींची खबर त्याच्यामागे अडकत नाही. एक जुनी सोय काढूनही टाकली. फाइलमधला मजकूर पुढेमागे सरकला तर तो ओळखण्यासाठी केला जाणारा हिशेब प्रत्यक्षात जवळजवळ कधीच उपयोगी पडत नव्हता. तो काढल्यानं काम हलकं झालं. निरुपयोगी ठरलेली गोष्ट तसं सांगून काढणं हे चांगल्या कारागिरीचं लक्षण आहे.

खोडलेल्या फायलींबाबतचे दोन बदल मात्र प्रत्येकानं नीट समजून घ्यायला हवेत. पहिला बदल असा. एकानं फाइल बदलली आणि त्याच सुमारास दुसऱ्यानं ती खोडली, तर पूर्वी बदललेली फाइल टिकायची. आता खोडणंही जिंकू शकतं. तसं झालं तर फाइल नाहीशी होत नाही, तिची ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं नाव जोडलेली प्रत बाजूला राहते. पण मूळ नावाची फाइल जागेवर दिसत नाही आणि लोक घाबरतात. आधी त्या प्रतीचा शोध घ्या.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. अमुक फाइल खोडली, ही नोंद पूर्वी कायम ठेवली जायची. त्यामुळे डेटाबेस फुगत जायचा. आता ही नोंद १५ महिन्यांनी विसरली जाते. समजा, सांगलीच्या घरातला जुना लॅपटॉप दोन वर्षं कपाटात बंद आहे. या काळाच्या सुरुवातीला तुम्ही इथे शेकडो नकोशा फायली खोडल्या. पुढे दिवाळीत कोणी तो लॅपटॉप चालू केला, तर त्याच्याकडच्या त्या फायली इतर यंत्रांना नव्या वाटतील आणि सगळीकडे परत येतील. इतका काळ बंद राहणारं यंत्र तुमच्याकडे असेल तर नोंदी ठेवण्याची मुदत वाढवण्याचा पर्याय आहे. त्याहून सोपं म्हणजे ते यंत्र नेटला जोडण्याआधी त्यातला फोल्डर सिंकथिंगमधून काढून टाका, डिस्कवरच्या त्याच्या फायली बाजूला हलवा आणि फोल्डर रिकाम्या जागी नव्यानं जोडा.

आता मराठी नावांकडे येते. आजचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

‘उताऱ्याची प्रत’ हे फाइलचं नाव घ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. ०९३१ या क्रमांकाचं एकच अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. युनिकोडच्या नियमांप्रमाणे दोन्ही एकच मानायचे. डोळ्यांनाही बहुतेक फॉन्टांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण डिस्कवर नाव बाइटांत लिहिलं जातं आणि ते बाइट वेगळे असतात. अ‍ॅपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-पद्धत प्रत्येक नाव सुटं करून ठेवायची, म्हणजे ‘र’ अधिक नुक्ता. लिनक्स आणि विंडोज दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवतात, आणि तिथे कीबोर्डवरून साधारणपणे जोडलेला ‘ऱ’ येतो. त्यामुळे मॅकवर बांधलेली झिप विंडोजवर उघडली, की ‘उताऱ्याची प्रत’ नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये शेजारी बसू शकतात. दोघींची नावं अक्षरशः सारखी, आणि संगणकाच्या लेखी दोघी वेगळ्या.

मराठीत असे शब्द किती आहेत ते पाहा. डायऱ्या, कादंबऱ्या, नोकऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्यांचे अर्ज, दुसऱ्या हप्त्याची पावती. ज्या घरात कागदपत्रांना मराठीत नावं दिली जातात, तिथे ‘ऱ’ टाळून चालतच नाही.

सिंकथिंगनं याचा विचार केलेला आहे. नावं एकरूप करण्याची सोय त्यात मुळातच चालू असते. दोन यंत्रांमध्ये नाव जोडलेल्या रूपात जातं, मॅकवर उतरताना सुटं होतं आणि इतरत्र जोडलेलंच राहतं. विंडोजवर सुट्या रूपातली फाइल सापडली तर सिंकथिंग तिचं नाव बदलून जोडलेलं करतं. अडचण येते ती त्या जोडलेल्या नावाची फाइल तिथे आधीच असली तर. तेव्हा ते दुसरी फाइल सोडून देतं आणि नावांच्या एन्कोडिंगमध्ये संघर्ष असल्याची त्रुटी नोंदवतं. वागणूक बरोबरच आहे, कारण दोन्हींतली कोणती खरी हे यंत्रानं ठरवू नये. पण ती त्रुटी वाचणाऱ्या माणसाला दोन सारखीच नावं दिसतात आणि काय बिघडलं ते कळत नाही. वर्षानुवर्षं एक फाइल पलीकडे पोचतच नाही, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक रूप आहे, आणि त्यावर ही सोयही चालत नाही. जुन्या काही मराठी टंकलेखन पद्धतींत ‘ऱ्य’ लिहिताना ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकलं जायचं. दिसायला तोच आकार. पण युनिकोडचे एकरूपतेचे नियम या चिन्हाला हात लावत नाहीत. जुन्या संगणकावरून आणलेली ‘उताऱ्याची प्रत’ या रूपात असेल तर ती नव्या फाइलशी कधीच जुळणार नाही. इथे दोष सिंकथिंगचा नाही, कोणत्याही सिंक साधनाचा नाही. तरीही भोगावं आपल्याला लागतं, म्हणून सांगितलं.

या गावाचं नावच उदाहरणाला घेता येईल. मराठीतल्या ‘देवनहळ्ळी’त सुटं होणारं एकही अक्षर नाही, त्यामुळे ते सगळीकडे एकाच रूपात राहतं. कन्नडमध्ये मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे आहेत. याच नावातली ‘दे’ची दीर्घ मात्रा एका चिन्हातही बसते आणि दोन चिन्हांतही. म्हणजे गावाच्या कन्नड नावाचा फोल्डर जोडलेल्या रूपात ९ चिन्हांचा आणि सुट्या रूपात १० चिन्हांचा. पहाणी आणि सातबारा एका फोल्डरमध्ये ठेवणाऱ्या इथल्या मराठी घराला दोन्ही लिपींची अडचण एकदमच येते.

कोरियन लोकांना हाच त्रास वेगळ्या रीतीनं झाला. मॅकवरून विंडोजवर गेलेल्या त्यांच्या फायलींच्या नावांतली अक्षरं डोळ्यांदेखत फुटून स्वर आणि व्यंजनं वेगळी पसरलेली दिसायची. दिसणाऱ्या मोडतोडीची तक्रार लगेच होते. आपली मोडतोड दिसत नाही, म्हणून तिची तक्रार होत नाही, आणि तक्रार नाही म्हणून ती ज्ञात अडचणींच्या यादीत येत नाही. ही गोष्ट माझ्या मनाला लागते. स्वीडनमध्ये बसलेल्या माणसाला ‘डायऱ्या’ हा शब्द तपासून पाहायचं कसं सुचेल? ते आपणच सांगायला हवं.

नावाच्या लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-पद्धतींत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन, आणि मात्रा व हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘देवनहळ्ळी’ हे नाव रोमन लिपीत ११ बाइटांत मावतं, देवनागरीत त्याला २७ लागतात. म्हणजे लिनक्सवर फक्त ८५ देवनागरी चिन्हं, साधारण दहा-बारा शब्द. विंडोजवर ही मर्यादा बाइटांची नसल्यानं तिथे २५५ चिन्हं चालतात. विंडोजवर हौसेनं दिलेलं लांबलचक मराठी नाव लिनक्सवर उतरूच शकत नाही, आणि ती फाइल ‘अपयशी’ म्हणून अडकून राहते. भर म्हणजे संघर्षाची प्रत ठेवताना सिंकथिंग नावात तारीख, वेळ आणि यंत्राची खूण मिळून ३८ बाइट वाढवतं. मूळ नाव २१७ बाइटांच्या वर गेलं असेल तर ते वाढलेलं नाव मर्यादेबाहेर जातं. सिनॉलॉजीच्या एनएएसवर एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डर वापरत असाल तर मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे ४७ चिन्हं. माझा सल्ला एवढाच, की नाव चाळीस चिन्हांच्या आत ठेवा आणि बाकीचा तपशील फोल्डरच्या नावात जाऊ द्या. नावात विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी कोलन किंवा प्रश्नचिन्हही टाकू नका. विंडोज ती नावं स्वीकारतच नाही.

फोनांची स्थिती सांगायची तर ती समाधानकारक नाही. सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. प्ले स्टोअरच्या अटी सांभाळत ते चालवणं सांभाळणाऱ्यांना जमेनासं झालं होतं. त्याच कोडमधून निघालेलं ‘सिंकथिंग-फोर्क’ पुढे चालू राहिलं आणि मंडळी आता ते वापरतात. आयफोनसाठी अधिकृत अ‍ॅप नाहीच. ‘मोबियस सिंक’ हे तिसऱ्या पक्षाचं अ‍ॅप आहे, पण आयओएस कोणत्याही अ‍ॅपला मागे राहून सतत काम करू देत नाही, त्यामुळे ते अधूनमधून उघडावं लागतं. २०२५ पासून देवनहळ्ळीच्या परिसरात फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जुळवले जातात. त्याच गावात आयफोन हातात असलेल्या मुलीला घरचा फोल्डर आपोआप मिळत नाही, आणि नजीकच्या काळात यात फरक पडेल असं मला वाटत नाही.

मागणी जुनी असूनही न सुटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वगळण्याच्या नियमांची. कोणत्या फायली पाठवायच्या नाहीत ते प्रत्येक यंत्रावर वेगळं लिहावं लागतं, तो नियम स्वतः दुसरीकडे जात नाही. पळवाट आहे: नियम एका साध्या फाइलमध्ये लिहा, ती फाइल सिंक होऊ द्या आणि प्रत्येक यंत्रावरच्या नियमांत तिचा उल्लेख करा. घरात तंत्र जाणणारं एकच माणूस असेल तर त्यानं हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं.

या सगळ्या सुधारणा बहुतांशी स्वयंसेवक करतात. मागे स्वीडनमध्ये नोंदलेली सिंकथिंग फाउंडेशन ही छोटी संस्था आहे. मुक्त सॉफ्टवेअरला पैसा कुठून यावा हा प्रश्न बंगळूरूतही विचारला जातो. तिथल्या झीरोधा या शेअर-दलाली कंपनीनं २०२४ मध्ये फ्लॉस/फंड सुरू करून जगभरच्या अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर बाजूला काढले. पैसा तिथून येईल तेव्हा येईल. आपल्याकडून जाण्यासारखी एक गोष्ट मात्र आजच देता येते, ती म्हणजे नेमकी तक्रार.

ती अशी करा. रिकाम्या फोल्डरमध्ये ‘उताऱ्याची प्रत’ नावाची फाइल तयार करा, एकदा विंडोजवर, एकदा मॅकवर, एकदा फोनवर, आणि ती इतर यंत्रांवर कशी उतरते ते पाहा. टर्मिनलमध्ये नावाचे बाइट छापून घ्या. ‘ई० ए४ बी१’ दिसलं तर ‘ऱ’ जोडलेला आहे. ‘ई० ए४ बी०’ आणि त्यामागे ‘ई० ए४ बीसी’ दिसलं तर तो सुटा आहे. शेवटी ‘ई२ ८० ८डी’ सापडलं तर ते अदृश्य जोडचिन्ह आहे. तक्रारीत नुसतं नाव लिहू नका, कारण वाचणाऱ्याला तुमच्या दोन्ही फायली सारख्याच दिसतील. बाइट लिहा, यंत्र आणि त्याची फाइल-पद्धत लिहा, सिंकथिंगची आवृत्ती लिहा, आणि सिंकथिंगनं दिलेली त्रुटी जशीच्या तशी उतरवा. कन्नड लिहिणारा शेजारी असेल तर त्यालाही आपल्या गावाच्या नावाचा फोल्डर करून पाहायला सांगा आणि दोन्ही निकाल एकाच तक्रारीत द्या.