फाटकापासून पोर्चपर्यंतचा पक्का मार्ग

बंगल्याचे बांधकाम पूर्ण होत येते तेव्हा मालकाचे अंदाजपत्रक बहुधा संपत आलेले असते. फरश्या, रंग आणि फर्निचर यांवर सढळ हाताने खर्च झालेला असतो आणि फाटकापासून पोर्चपर्यंतच्या मार्गाचा विचार अगदी शेवटी होतो. मग कंत्राटदार दोन-चार दिवसांत मुरूम पसरतो, त्यावर रंगीत पेव्हर ब्लॉक मांडतो आणि काम संपते. पहिल्या पावसाळ्यानंतर चाकांच्या रेषेत चर पडतात, कडेचे ब्लॉक सरकतात आणि पोर्चपाशी पाणी साचू लागते. दोष मात्र ब्लॉकला दिला जातो. शहरांतील उखडलेल्या पदपथांमुळे पेव्हर ब्लॉकची आधीच बरीच बदनामी झालेली आहे. वस्तुतः असा मार्ग बिघडतो तो बहुतेक वेळा ब्लॉकच्या खाली आणि कडेला झालेल्या हयगयीमुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रस्त्यांसाठी भाजलेल्या विटांची टंचाई भासू लागली, तेव्हा त्यांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे वापरात आले. पुढे एकमेकांत अडकणाऱ्या आकारांचे ब्लॉक तयार झाले. त्यांच्यामागील तत्त्व साधे आहे. दोन ब्लॉकमधील दोन ते चार मिलिमीटरच्या फटीत बारीक वाळू घट्ट बसलेली असते. चाकाचा भार एका ब्लॉकवर आला की ही वाळू तो शेजारच्या ब्लॉककडे पोहोचवते आणि सगळे मिळून भार पेलतात. फटी रिकाम्या झाल्या किंवा कड सुटली की ही साखळी तुटते व प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो.

भार कोणाचा?

आराखड्याची सुरुवात रंगापासून नव्हे, तर वाहनापासून व्हावी. पेव्हर ब्लॉकसाठीचे भारतीय मानक, आयएस १५६५८, सन २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले व २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. मूळ मानकात वाहने न जाणाऱ्या जागेसाठी ५० मिलिमीटर जाडीचे व एम-३० प्रतीचे, हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर व एम-३५ प्रतीचे, तर मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटर व एम-४० प्रतीचे ब्लॉक सुचविलेले होते. केवळ मोटारीसाठी ६० मिलिमीटर जाडी पुरते. परंतु आपल्याकडे अनेक उपनगरांत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आवारात येतो. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचेच वजन दहा टन भरते. असा टँकर वर्षातून चार वेळाच येणार असला, तरी मार्ग त्याच्या हिशेबाने बांधावा आणि ८० मिलिमीटरचे ब्लॉक घ्यावेत.

रुंदीचाही विचार असाच करावा. मोटार जेमतेम मावेल एवढाच पट्टा बांधला, तर दार उघडून उतरणाऱ्याचा पाय चिखलात पडतो. सुमारे तीन मीटर रुंदी ठेवल्यास वाहनाशेजारून माणूस सहज चालू शकतो. वळण असेल तेथे रुंदी वाढवावी.

पाया आणि पाणी

पुणे, नाशिक, मराठवाडा व विदर्भाच्या बऱ्याच भागांत काळी माती आढळते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट ब्लॉक मांडणे म्हणजे हलत्या जमिनीवर फरशी घालण्यासारखेच होय. शक्य तितकी काळी माती उपसून तेथे चांगला मुरूम भरावा. भराव एकदम न करता दीडशे मिलिमीटरपर्यंतच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर रोलरने किंवा यांत्रिक धुमसाने दाबून करावा. त्यावर खडीचा थर द्यावा. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, बागेची पाइपलाइन यांसाठी पीव्हीसी पाइप याच वेळी आडवे टाकून ठेवल्यास पुढे खोदाई टळते.

खडीवर तीस ते चाळीस मिलिमीटर जाडीचा जाडसर, स्वच्छ वाळूचा थर येतो. नदीची वाळू न मिळाल्यास क्रश सँड चालते. मात्र क्रशरची भुकटी वापरू नये. भुकटी पाणी धरून ठेवते आणि ओली झाल्यावर चिखलासारखी सरकते. खालच्या थरातील खड्डे वाळूने भरून काढणे ही नेहमीची चूक होय. जेथे वाळू जास्त, तेथेच ब्लॉक पुढे खचतात. उंचसखलपणा खडीच्या थरातच काढावा.

ढाळ घरापासून दूर, मीटरला किमान दोन सेंटिमीटर असावा. मार्गाची पातळी जोत्याच्या निदान वीतभर खाली राहावी. प्लॉट रस्त्यापेक्षा खोलगट असेल, तर पाणी घराकडेच धावते. अशा वेळी फाटकाच्या आत व पोर्चच्या आधी जाळी बसविलेला आडवा चर काढणे अटळ ठरते. चरातील पाणी शोषखड्ड्याकडे वळवून भूजलात मुरविता येते, परंतु हा खड्डा इमारतीच्या पायापासून दूर हवा. पेव्हर ब्लॉकमधून पाणी आपोआप मुरते, हा समज मात्र अर्धवट आहे. दाबलेल्या मुरुमावरील साध्या ब्लॉकमधून फारच थोडे पाणी खाली जाते. त्यासाठी रुंद फटींचे ब्लॉक आणि खाली भुकटीविरहित, पोकळ्या असलेल्या खडीचा वेगळा थर लागतो.

मांडणी, रंग आणि कड

विटांच्या भिंतीसारखी सरळ मांडणी सोपी व स्वस्त असते. मात्र ब्रेक लावताना आणि चाके वळवताना येणारा आडवा रेटा सर्वांत चांगला सहन करते ती माशाच्या काट्यासारखी, म्हणजे हेरिंगबोन मांडणी. त्यात कडेला ब्लॉक कापावे लागतात व मजुरी वाढते. तरीही वाहनमार्गासाठी तीच योग्य. चटईच्या विणीची मांडणी पायवाटेला शोभते.

रंग दोनच, फार तर तीन असावेत. मुख्य भागाला करडा किंवा विटकरी आणि काठाला गडद पट्टी, एवढ्यानेही मार्ग रेखीव दिसतो. शोरूममध्ये चकचकीत दिसणारे, प्लॅस्टिक अथवा रबरी साच्यातील गुळगुळीत ब्लॉक पावसात निसरडे होतात. झाडाखाली, जेथे शेवाळ धरते, तेथे ते वृद्धांसाठी धोक्याचेच ठरतात. खरखरीत पृष्ठभागाचे, यंत्रदाबाचे ब्लॉक घ्यावेत. निवड करताना एक ब्लॉक फोडून रंगाचा थर किती जाड आहे ते पाहावे आणि दोन-चार ब्लॉकची जाडी मोजावी. मोठे काम असल्यास पाणीशोषणाचा चाचणी अहवाल मागावा. मानकानुसार ते सरासरी सहा टक्क्यांहून अधिक नसावे.

कड म्हणजे या मार्गाची चौकटच. ती काँक्रीटमध्ये घट्ट बसविलेल्या कर्बची हवी. नुसत्या मातीचा टेकू एका पावसात वाहून जातो. ब्लॉक मांडल्यावर त्यांवर कंपन यंत्र फिरवावे, कोरडी बारीक वाळू झाडूने फटींत भरावी व पुन्हा यंत्र फिरवावे. फटी सिमेंटने भरू नयेत. तसे केल्यास त्यांना तडे जातात आणि ब्लॉक काढून पुन्हा बसविण्याची सोय नाहीशी होते. झाडाच्या बुंध्याभोवती मोकळी माती सोडावी, अन्यथा मुळे श्वासासाठी तडफडतात आणि ब्लॉकही उचलतात.

हे काम मेअखेरपर्यंत आटोपावे. पहिल्या पावसाळ्यानंतर फटींतील वाळू थोडी खाली बसते, ती पुन्हा भरावी. त्याच खेपेतील काही ब्लॉक जपून ठेवावेत, कारण नंतर आणलेल्या ब्लॉकचा रंग सहसा जुळत नाही. कंत्राटदाराशी दर ठरविताना प्रति चौरस फूट आकड्यापेक्षा त्या आकड्यात मुरूम किती, खडी किती, दाबाई कशाने आणि कड कशी, हे लेखी घ्यावे. जमिनीखाली गेलेले काम पुन्हा दिसत नाही. ते दिसते फक्त खचल्यावर.