घ्यायलाही शिकावं लागतं

एप्रिलमधली दुपार. दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीत मी पिशवी घेऊन दारापुढे उभी होते. पिशवीत गहू, तूरडाळ आणि माझ्या भाचीचे जुने फ्रॉक. दार अर्धंच उघडलं. "आमचं भागते जी काकू. आम्ही कोनाचं घेत नाही," एवढं बोलून तिने दार लावून घेतलं. शेजारच्या दोघी ओट्यावरून पाहत होत्या. एवढ्या उन्हात आपण यायचं आणि हिने साधं 'या' म्हणू नये! मी चिडूनच परतले.

घरी माठातलं पाणी प्यायल्यावर डोकं शांत झालं. चूक माझीच होती. चार लोकांदेखत, न विचारता मी जुने कपडे घेऊन गेले होते. मैत्रिणींनो, आपल्या दारात कुणी असं आलं असतं, तर आपण घेतलं असतं का?

तिची मुलगी सातवीत. वडील वारल्यापासून तिच्या गैरहजेऱ्या वाढल्या, म्हणून शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं. आई ब्लाउज शिवायची. पण कधीकधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग पोरगीच वरणभात लावायची आणि गिऱ्हाइकांना 'आई गावाला गेली' म्हणून सांगायची. शाळेत विचारलं, तर 'पोट दुखत होतं'. बारा वर्षांची पोर घराची अब्रू सांभाळत होती! दुःख लपवायचं असतं, हे ती आईकडे पाहूनच शिकली होती.

दुसऱ्यांदा मी ब्लाउजपीस घेऊन गेले. शिलाई ठरवली, थोडं बसले. तिसऱ्यांदा चहा मिळाला. मग हळूच बालसंगोपन योजनेचा विषय काढला. "भीक नाही पाहिजे जी," ती लगेच म्हणाली. कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या मुलीने मान वर केली. "आई, रेशनचे गहू आपण घेतो ना, ते भीक असते का?" आई गप्प झाली. मला जे इतके दिवस जमलं नाही, ते लेकीच्या एका प्रश्नाने झालं.

ही योजना अनेकींना ठाऊक नसते. पूर्ण नाव 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना'. आई किंवा वडील वारले असतील, घटस्फोट झाला असेल किंवा पालक गंभीर आजारी असतील, अशा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ती आहे. २०२३ मध्ये ही मदत दरमहा ११०० वरून २२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. निर्णय बालकल्याण समिती देते. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि वडील किंवा आई नसल्यास मृत्यूचा दाखला जवळ ठेवावा.

तिचं अडलं ते या शेवटच्या कागदापाशी. दाखला पेटीत, नवऱ्याच्या शर्टाच्या घडीत होता. तो बाहेर काढायला तिला आठ दिवस लागले. त्या दिवशी ती खूप रडली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "काकू, मले बरं वाटत नाही." मग आम्ही मेडिकलच्या मानसोपचार विभागात गेलो. मन आजारी पडलं तर औषध घेण्यात कसली लाज? घरबसल्या बोलायचं असेल, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. मूल अडचणीत असेल, तर १०९८ लावावा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. वाईट दिवस अजूनही येतात. पण परवा सकाळी माझी बेल वाजली. दारात ती पोर, शाळेच्या गणवेशात, दप्तरासकट.

"काकू, आई आज उठली नाही. तुम्ही येता का? माझा गणिताचा पेपर आहे."

ना गाव, ना पोटदुखी. जे होतं ते तिने सरळ सांगितलं. मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या. ती पेपरला गेली.