मदत आधीच तयार होती!

२० सप्टेंबर २०१७. ‘मारिया’ हरिकेन कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावर धडकलं आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. आपल्याकडे तासभर लाइट गेली तरी चार्जिंगचं टेन्शन येतं. तिथे शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला जवळपास ११ महिने लागले. मृतांचा सरकारी आकडा आधी ६४ होता, वर्षभराने तो २,९७५ झाला. वादळातून वाचलेले कितीतरी जण नंतर वीज आणि उपचारांअभावी गेले होते.

मग या काळात लोकांना सावरलं कुणी? आदहुंतास या डोंगराळ गावात ‘कासा पुएब्लो’ ही स्थानिकांची संस्था १९८० पासून काम करते. तिच्या छतावर १९९९ पासूनच सोलर पॅनल होते. त्यामुळे काळोखात तिथे दिवे चालू राहिले. कुणी फोन चार्ज करायला आलं, कुणी श्वासाचं मशीन चालवायला, तर कुणी औषधं फ्रीजमध्ये ठेवायला.

कागुआस शहरातल्या सामुदायिक स्वयंपाकघराची मुळं तर कॉलेज कॅम्पसवरची. कायेच्या विद्यापीठात २०१३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी जेवणाचा स्टॉल सुरू झाला होता. नियम सोपा: पैसे द्या, शिधा द्या, नाहीतर कामाला हात लावा. मारियानंतर याच टीमने कागुआसमध्ये चूल मांडली.

बाहेरून ट्रक येतात, पण रस्ते मोकळे झाल्यावर. पहिल्या दिवशी उपयोगी पडतात ती आधीपासूनची ओळख आणि एकत्र काम करायची सवय. आपल्या कॅम्पसवर असं काय आहे? नसेल, तर सुरुवात एका स्टॉलनेही होते.